आपोआप होणारा बॅकअप पुन्हा पुन्हा बंद पडतो: कारण कुठे शोधायचं आणि पद्धत कधी बदलायची

बॅकअप लावलेला असतो, कोपऱ्यातलं चिन्ह हिरवं असतं, आणि एखादी फाइल उडाली म्हणून शोधायला जावं तर शेवटची प्रत चार महिन्यांपूर्वीची निघते. मग बॅकअप पुन्हा सुरू केला जातो, काही आठवडे सुरळीत चालतो आणि परत गप्प बसतो. दोन-तीनदा असं झालं की लोक प्रोग्रॅम बदलतात. नवा प्रोग्रॅमही तेच करतो.

दोष बहुतेकदा प्रोग्रॅमचा नसतोच. बॅकअपची पद्धत आणि कॉम्प्युटर वापरायची सवय यांचं एकमेकांशी जमत नसतं. लॅपटॉप रात्री मिटून ठेवला जातो आणि बॅकअपची वेळ लावलेली असते रात्री दोनची. डिस्क कपाटात असते आणि प्रोग्रॅम तासातासाला तिला शोधत बसतो. अशा ठिकाणी रीसेट मारून हाती काही लागत नाही. आधी नेमकं कुठे अडतंय ते शोधायचं. अडण्याचं मूळ सवयीत असेल तर सवय तशीच राहू द्या, पद्धत बदला. ‘आता रोज आठवणीने डिस्क लावीन’ हा संकल्प किती दिवस टिकतो ते आपण सगळेच जाणतो.

आधी तारीख बघा

हिरव्या चिन्हाचा अर्थ प्रोग्रॅम चालू आहे, एवढाच घ्यावा. फाइली पोहोचल्या की नाही हे जिथे पोहोचायच्या तिथेच जाऊन बघायचं.

विंडोजची फाइल हिस्टरी वापरत असाल तर बाहेरच्या डिस्कवर फाइल हिस्टरीचा फोल्डर असतो. त्यात आत शिरत तुमच्या डॉक्युमेंट्सपर्यंत गेलात की प्रत्येक फाइलच्या नावाला कंसात तारीख आणि वेळ जोडलेली दिसते. ही वेळ यूटीसीप्रमाणे, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे असते, त्यामुळे तुमच्या घड्याळाशी जुळली नाही तर बिचकू नका. मॅकवर टाइम मशीनच्या मेनूत शेवटचा बॅकअप कधी झाला ते वरच लिहिलेलं असतं. इतर प्रोग्रॅमांत ‘स्नॅपशॉट’ किंवा ‘व्हर्जन्स’ अशा नावाखाली यादी मिळते.

तारीख ताजी दिसली तरी एक छोटी चाचणी करा. ज्या ज्या जागी तुम्ही खरोखर फाइली ठेवता, म्हणजे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डी ड्राइव्हवरचा कामाचा फोल्डर, फोटोंचा फोल्डर, तिथे प्रत्येकी एक साधी टेक्स्ट फाइल करून ठेवा आणि तिच्या नावात आजची तारीख घाला. उद्या याच फाइली बॅकअपमध्ये शोधा. एकही आली नसेल तर बॅकअप चालतच नाही. काही आल्या आणि काही नाहीत, तर बॅकअप चालतोय पण चुकीच्या जागेचा. या दोन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत.

चालतच नाही

टास्क शेड्युलरमधून (ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणारं विंडोजचं साधन) बॅकअप लावला असेल तर संशय आधी तिथेच घ्यावा. नवीन टास्क बनवताना विंडोज काही खुणा स्वतःहून करून ठेवतं आणि लॅपटॉपवाल्यांना त्याच नडतात. ‘कंडिशन्स’ टॅबमध्ये ‘कॉम्प्युटर एसी पॉवरवर असेल तरच सुरू करा’ ही खूण आधीपासून असते. चार्जर लावलेला नसेल तर टास्क सुरूच होत नाही, आणि कुठे ब्रही काढत नाही. ‘सेटिंग्ज’ टॅबमध्ये उलट प्रकार: ‘ठरलेली वेळ हुकली तर जमेल तितक्या लवकर चालवा’ ही खूण हवी असते, पण ती मुळात नसते. म्हणजे रात्री दोनला लॅपटॉप बंद असेल तर त्या दिवसाचा बॅकअप बुडाला, थेट दुसऱ्या दिवशी दोनला पुन्हा प्रयत्न. तेव्हाही लॅपटॉप बंदच. पहिली खूण काढा, दुसरी करा. निम्म्या तक्रारी इथेच मिटाव्यात असा माझा अंदाज आहे.

पासवर्ड बदलल्यावर बॅकअप थांबला असेल तर टास्कमध्ये जुनाच पासवर्ड साठवलेला असतो, तो नव्याने द्यावा लागतो. नेटवर्कवरच्या ड्राइव्हला झेड किंवा वाय असं अक्षर देऊन टास्कमध्ये तेच वापरलं असेल तर लॉग-इन नसताना ते अक्षर टास्कला दिसत नाही. तिथे दोन तिरप्या रेघांनी सुरू होणारा पूर्ण नेटवर्क पत्ता लिहावा. आणि टास्क शेड्युलरची ‘हिस्टरी’ मुळात बंद असते, ती उजवीकडच्या पट्टीतून चालू करून घ्या. ती नसेल तर पुढचं सगळं अंधारात तीर मारणं.

लिनक्सवर ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनचं दुखणंही हेच. क्रॉनला मशीन सतत चालू असल्याचं गृहीत असतं, वेळ हुकली की तो मागे वळून बघत नाही. अनाक्रॉन वापरा, किंवा सिस्टमडीचा (लिनक्सच्या सेवा सांभाळणारी यंत्रणा) टायमर लावून त्यात ‘पर्सिस्टंट’ चालू ठेवा. मग मशीन सुरू झाल्यावर राहिलेलं काम उरकलं जातं.

बाहेरच्या डिस्कच्या बाबतीत अक्षर बदलण्याची भानगड असते. आज डिस्कला ई मिळतं, उद्या आधी पेनड्राइव्ह लावला की तिला एफ मिळतं, आणि प्रोग्रॅम ई वर टकटक करत राहतो. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या डिस्कला वर्णमालेतलं बरंच मागचं अक्षर द्या, एक्स वगैरे. सहसा ते दुसऱ्या कुणाला मिळत नाही. डिस्क फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तिच्यावर जाणारच नाही, त्यामुळे व्हिडिओ किंवा मेलची मोठी फाइल आली की बॅकअप तिथे अडखळतो. विंडोजपुरता प्रश्न असेल तर एनटीएफएस करा. फॉरमॅट केल्याने डिस्कवरचं सगळं पुसलं जातं हे इथे सांगून ठेवतो.

मॅकवर नेटवर्कवरून टाइम मशीन वापरणाऱ्यांना मधूनच एक संदेश येतो: बॅकअपची तपासणी केली, विश्वासार्हतेसाठी आता नवा बॅकअप करावा लागेल. याचा सरळ अर्थ, जुना इतिहास गेला. एखाद्या वेळी चालून जाईल, पण वारंवार येत असेल तर वाय-फायवरून टाइम मशीन हा तुमच्यासाठीचा मार्ग नाही. थेट केबलने लावलेल्या डिस्कवर या.

चालतोय, पण हवी ती फाइल त्यात नाही

हा प्रकार जास्त वाईट, कारण तारखा ताज्या दिसतात.

विंडोजच्या सेटअपमध्ये किंवा एखाद्या अपडेटनंतर वनड्राइव्ह विचारतं, ‘तुमचे फोल्डर्स बॅकअप करू का?’ हो म्हटलं की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या फोल्डरांचा मुक्काम हलतो. ते आता वनड्राइव्हच्या फोल्डरच्या आत गेलेले असतात. स्क्रीनवर सगळं पूर्वीसारखंच दिसतं, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. पण तुमची बॅकअपची स्क्रिप्ट जुन्या पत्त्यावर जाते, आणि तिथे बरेचदा एक रिकामा फोल्डर उरलेला असतो. स्क्रिप्ट रिकाम्या फोल्डरचा बॅकअप इमानदारीने घेते. तपासायला सोपं आहे: डॉक्युमेंट्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘लोकेशन’ टॅब. तिथला पत्ता आणि स्क्रिप्टमधला पत्ता अक्षरशः एकच आहे का ते बघा.

त्यातच दुसरी मेख. वनड्राइव्ह जागा वाचवण्यासाठी काही फाइली फक्त क्लाउडवर ठेवतं, कॉम्प्युटरवर नुसतं नाव उरतं आणि शेजारी ढगाचं चिन्ह येतं. फाइल हिस्टरी आणि इतर बरेच प्रोग्रॅम अशा फाइलींना हात लावत नाहीत. ज्यांचा बॅकअप हवा ते फोल्डर ‘या डिव्हाइसवर कायम ठेवा’ असे करून घ्या.

फाइल हिस्टरी मुळात लायब्ररी (विंडोज एकत्र दाखवतं ते डॉक्युमेंट्स, पिक्चर्ससारखे फोल्डर), डेस्कटॉप, कॉन्टॅक्ट्स, फेव्हरिट्स एवढंच घेते. डी ड्राइव्हवर काम करायची सवय असेल तर तो भाग बाहेर राहतो. विंडोज १० मध्ये सेटिंग्जमधून हवा तो फोल्डर जोडता यायचा. विंडोज ११ मध्ये ती सोय काढली. तिथे कंट्रोल पॅनेलमधून जावं लागतं आणि नवा फोल्डर आधी एखाद्या लायब्ररीत घालावा लागतो. मायक्रोसॉफ्टला लोकांनी वनड्राइव्हकडे वळावं असं वाटतं हे उघड आहे, आणि मोफत मिळणारे ५ जीबी फोटोंनी केव्हाच भरतात. भरले की वर चढवणं थांबतं.

आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल, चालू असलेला हिशोबाचा प्रोग्रॅम, उघडा डेटाबेस, या फाइली कुणीतरी धरून ठेवलेल्या असतात. विंडोजमधली शॅडो कॉपी (उघड्या फाइलींचं त्या क्षणाचं चित्र) वापरणारे प्रोग्रॅम त्यांची प्रत काढू शकतात. साधी कॉपी करणारे नाही.

रोबोकॉपीवाल्यांसाठी थोडं सविस्तर

रोबोकॉपी म्हणजे कमांड देऊन फाइली कॉपी करायचं साधन. अनेकांनी कुठूनतरी त्याची एका ओळीची कमांड उचललेली असते. ते उत्तम आहे, विंडोजमध्येच मिळतं, पण त्याच्या मुळातल्या सेटिंग्ज घरच्या बॅकअपसाठी बनवलेल्या नाहीत.

एखादी फाइल उघडी असल्यामुळे कॉपी झाली नाही तर रोबोकॉपी ३० सेकंद थांबून पुन्हा प्रयत्न करतं. किती वेळा? १० लाख वेळा. गुणाकार केला तर एका अडलेल्या फाइलवर ते जवळजवळ वर्षभर बसून राहील. टास्क शेड्युलर तीन दिवसांनी टास्क मारून टाकतो, तेही खूण असेल तर. तोवर दुसऱ्या दिवशीची वेळ आली की ‘आधीचं काम अजून चालू आहे’ म्हणून नवं सुरूच होत नाही. तीन दिवसांनी मोकळं होतं, पुन्हा त्याच फाइलपाशी अडतं. याची ओळखीची खूण म्हणजे बॅकअपमध्ये काही फोल्डर ताजे आणि काही शिळे. अडलेल्या फाइलच्या आधीचे ताजे, नंतरचे शिळे. उपाय एका ओळीचा आहे: कमांडला /आर:२ आणि /डब्ल्यू:५ जोडा, म्हणजे दोनदा प्रयत्न, पाच सेकंद थांबणं आणि पुढे जाणं. (स्विच अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायचे.) पूर्ण यूजर फोल्डरचा बॅकअप घेत असाल तर /एक्सजेही जोडा, नाहीतर ‘ॲप्लिकेशन डेटा’ नावाच्या जंक्शनमधून (दुसऱ्या फोल्डरकडे वळवणारा आडवाटेचा फोल्डर) ते स्वतःच्याच शेपटीमागे फिरत राहतं.

टास्कच्या यादीत ‘लास्ट रन रिझल्ट’मध्ये १ दिसला की लोक चूक समजून सगळं उखडतात. रोबोकॉपीच्या हिशेबात १ म्हणजे फाइली कॉपी झाल्या, ० म्हणजे कॉपी करण्याजोगं काही नव्हतं. काळजी ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला की करायची.

आता /एमआयआर. मूळ जागी जे नाही ते बॅकअपमधूनही काढून टाकायचं, असा त्याचा आदेश. वर सांगितलेला हललेला डॉक्युमेंट्स आठवा: मूळ पत्त्यावर रिकामा फोल्डर, कमांडमध्ये /एमआयआर. त्या रात्री रोबोकॉपी तुमचा बॅकअप साफ पुसतं आणि निकाल देतं २, म्हणजे यशस्वी. घरच्या बॅकअपसाठी /एमआयआर मी कुणाला सुचवत नाही. त्याऐवजी /ई वापरा. जुन्या फाइली साचतील, डिस्क भरेल, पण भरलेली डिस्क परवडते.

सिंक केलंय ना?

गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह यांचं मुख्य काम दोन जागा सारख्या ठेवणं हे आहे. इकडे फाइल पुसली की तिकडेही पुसली जाते. रॅन्समवेअरने (फाइली अडकवून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) फाइली कुलूपबंद केल्या तर कुलूपबंद फाइलीच वर चढतात. रद्दीच्या टोपलीतून परत मिळतं हे खरं, पण गूगल ड्राइव्हची आणि वैयक्तिक वनड्राइव्हची टोपली ३० दिवसांनी रिकामी होते. वर्षातून एकदा लागणारी फाइल मार्चमध्ये चुकून पुसली गेली आणि ऑगस्टमध्ये लक्षात आलं, तर सिंक काही कामाचं नाही. सिंक ठेवा, रोजच्या कामाला ते सोयीचं आहे, पण बॅकअपच्या हिशेबात ते धरू नका. आपल्याच कॉम्प्युटरांमध्ये फाइली सारख्या ठेवणाऱ्या सिंकथिंगलाही हेच लागू.

मग कोणती पद्धत घ्यायची

छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम अजून चांगला आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साठवणीवर, एक प्रत वेगळ्या जागी. पण तो कुठे पोहोचायचं ते सांगतो. कोणती पद्धत टिकेल हे तुमच्या वापरावरून ठरतं.

जागेवरून न हलणारा कॉम्प्युटर असेल तर गोष्ट सोपी आहे. एक डिस्क कायमची लावून ठेवा आणि विंडोजवर फाइल हिस्टरी, मॅकवर टाइम मशीन चालू करा. दोन्ही मुळात तासाला एकदा चालतात. टाइम मशीन शेवटच्या २४ तासांचे तासातासाचे, महिनाभराचे रोजचे आणि त्याआधीचे आठवड्याचे बॅकअप ठेवतं, जागा संपली की सर्वांत जुने काढतं. डिस्क कॉम्प्युटरच्या साठवणीच्या निदान दुप्पट घ्या. फाइल हिस्टरी मात्र मुळात सगळ्या आवृत्त्या कायम ठेवते, त्यामुळे ‘जागा लागेल तसं’ हा पर्याय निवडा, नाहीतर डिस्क भरली की बॅकअप तिथेच थांबतो. कायम लावलेली डिस्क रॅन्समवेअरलाही तितकीच हाताशी असते, म्हणून दुसरी प्रत दूर हवी.

फिरत्या लॅपटॉपला बाहेरची डिस्क हा मुख्य बॅकअप म्हणून चालत नाही. माझं हे मत ठाम आहे. डिस्क लावणं हे माणसाचं काम राहिलं की तो बॅकअप आपोआप उरत नाही. अशा लॅपटॉपवर इंटरनेटवरून चालणारा, जुन्या आवृत्त्या सांभाळणारा बॅकअप मुख्य ठेवा आणि डिस्क दुय्यम. तयार सेवा घ्यायची असेल तर दोन गोष्टी विचारा: पुसलेली फाइल किती दिवस ठेवता, आणि बाहेरची डिस्क बराच काळ लावली नाही तर तिच्या प्रतीचं काय करता? उत्तरं सेवागणिक बदलतात. सेवा बंद पडण्याचीही तयारी हवी. क्रॅशप्लॅनने २०१७ मध्ये घरगुती ग्राहकांसाठीची सेवा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं, मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्तीही बंद झाली.

स्वतः थोडी खटपट करायची तयारी असेल तर रेस्टिक, कोपिया आणि बोर्ग ही मोफत साधनं चांगली आहेत. बदललेला भागच पाठवतात, एन्क्रिप्शन आतच असतं, आवृत्त्या राहतात. लिनक्सवर कमांडच्या वाटेला जायचं नसेल तर देजा दूप. टाइमशिफ्टची गल्लत करू नका, ते मुख्यतः सिस्टम परत जागेवर आणण्यासाठी आहे आणि मुळात तुमच्या होम फोल्डरला हात लावत नाही.

पहिल्या अपलोडचा हिशेब आधी करा. ५०० जीबी डेटा १० एमबीपीएसच्या अपलोडने चढवायला सलग साडेचार दिवसांहून जास्त लागतात, तेही वेग पूर्ण मिळाला तर. लॅपटॉप दिवसात चार तासच चालू असेल तर महिना जवळपास गेला. इतका डेटा असणाऱ्यांनी कागदपत्रं आणि चालू काम इंटरनेटवर पाठवावं. जुने फोटो-व्हिडिओ दोन डिस्कांवर आलटून पालटून ठेवावेत, एक डिस्क नेहमी दुसऱ्या जागी. टाइम मशीनला एकाहून जास्त डिस्का दिल्या तर ते त्यांना स्वतःच आलटून पालटून वापरतं. फाइल हिस्टरीला एकच चालते.

बंद पडल्याचं कळणार कसं

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या (प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणारी सेवा) मुख्य डेटाबेसमधला सुमारे ३०० जीबी डेटा चुकून पुसला गेला. बॅकअप रोज होतोय अशी सगळ्यांची समजूत होती. प्रत्यक्षात ९.६ आवृत्तीच्या डेटाबेसवर ९.२ चं साधन चालत होतं, त्यामुळे तो अपयशी ठरत होता. अपयशाचे ईमेलही निघत होते, पण डीमार्कच्या, म्हणजे ईमेल खरा आहे का ते बघणाऱ्या तपासणीत ते नाकारले जात होते. शेवटी एका इंजिनिअरने सहा तास आधी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटवर निभावलं.

म्हणून ‘बिघडलं तर कळवा’ ही सूचना अपुरी आहे. उलटी सूचना लावा: बॅकअप नीट झाला की स्क्रिप्टने एका पत्त्यावर हाक द्यायची, आणि ठरलेल्या वेळेत हाक आली नाही की तिकडून तुम्हाला निरोप यायचा. हेल्थचेक्ससारख्या सेवा नेमकं हेच करतात आणि स्क्रिप्टच्या शेवटी त्यासाठी एक ओळ पुरते. लॅपटॉपसाठी मुदत थोडी सैल ठेवा, तीन-चार दिवस. रोज खोटा इशारा येऊ लागला की आठवड्याभरात तुम्ही तो वाचणं सोडाल.

आणि फाइल परत काढून बघा. एक कागदपत्र, एक फोटो, एक मोठी फाइल, वेगवेगळ्या महिन्यांतल्या. नुसत्या उतरवू नका, उघडा. जमलं तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर, कारण खरी वेळ येईल तेव्हा हा कॉम्प्युटर नसेलच. इथे एक पेच हमखास सापडतो: एन्क्रिप्टेड बॅकअपचा पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये, आणि पासवर्ड मॅनेजरची फाइल त्याच बॅकअपमध्ये. रेस्टिकचा पासवर्ड हरवला तर परत मिळवायची काहीही सोय नाही. तो कागदावर लिहून घराबाहेरच्या सुरक्षित जागी ठेवा. ऑनलाइन सेवेच्या खात्याला फोनवर कोड येत असेल तर रिकव्हरी कोडही त्याच कागदावर.

पद्धत बदलताना जुना बॅकअप लगेच पुसू नका. नव्याची पहिली पूर्ण फेरी होऊ द्या, तारखेच्या टेक्स्ट फाइली सगळ्या जागांवरून आल्यात का बघा, दोन-चार फाइली परत काढून उघडा, आणि मगच जुनी डिस्क मोकळी करा. मोकळी करण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या साधनाने तिची प्रकृतीही बघून घ्या. रीॲलोकेटेड किंवा पेंडिंग सेक्टर (डिस्कवरचे खराब किंवा संशयित भाग) वाढत चालले असतील तर तिला पुन्हा बॅकअपच्या कामाला लावू नका.